जुनी पेन्शन आणि कोकरं

"हा माझा निरोप समारंभ आहे का तुमची प्रचारसभा?" असं मी आमच्या हेडसरांना तोंडावर विचारलं, तेव्हा ते चष्मा पुसायला लागले. अवघड प्रश्न आला की ते चष्मा पुसतात. काचा लख्ख झाल्यावर म्हणाले, "बाई, आठवीच्या वर्गाचं छत गळतंय हो."

झालं होतं असं, की मी सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. तिकिटाचे एक मोठे दावेदार आमच्या भागात हिंडत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही इथं भाऊच म्हणते. फाट्यावर त्यांचा बॅनर लागला होता, 'भावी आमदार', हात जोडून. खाली गावातल्या झाडून सगळ्या रिकामटेकड्या पोरांचे फोटो. हेडसरांचा हिशोब असा, की नुसत्या छतासाठी असा माणूस शाळेत येत नाही. बाईंच्या निरोपाला बोलावलं तर येईल, आणि आला की मान वर करून बघेल. म्हणजे माझ्या निवृत्तीवर शाळेचं छत टाकून घ्यायचं. मला राग आला, आणि छत खरंच गळत होतं म्हणून जरा जास्तच आला.

आमची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची प्रशाला, पाचवी ते दहावी. पैठण रोडनं चितेगाव ओलांडलं की आत एक रस्ता फुटतो, त्या रस्त्यावर. मी राहते पडेगावला. म्हणजे रोज अख्खं शहर आडवं कापायचं. आमचे हे चितेगावच्या एका कंपनीत, त्यामुळं त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून माझी सगळी नोकरी झाली. छावणी, स्टेशन, पैठण रोड. चितेगाव येईस्तोवर आमचं एक भांडण पुरं व्हायचं, आणि संध्याकाळी येताना त्याच रस्त्यावर मिटायचं.

मी गणित शिकवायची. पोरं मला भितात असंही म्हणतात, आणि बाई नसल्या तर करमत नाही असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे. फळ्यापाशी उभं करून काही विचारलं की पोरं इकडचं तिकडचं सांगायला लागतात, तेव्हा माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "उत्तर सांग, गोष्ट नको." हे वाक्य माझ्या पाठीमागं माझ्याच आवाजात म्हणून दाखवणारी चार-दोन पोरं प्रत्येक वर्गात असायची. मला सगळं ठाऊक होतं.

स्टाफरूममधे आमच्या दोन जाती होत्या, जुन्या आणि नव्या. जातपात नव्हे, पेन्शन. आधी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे निवृत्त झाल्यावर मरेपर्यंत दरमहा सरकारकडून ठरलेली रक्कम. नंतर लागलेल्यांना नवी, म्हणजे तुमच्या पगारातून कापायचं, बाजारात लावायचं, आणि म्हातारपणी हातात काय पडेल ते बाजारालाच विचारायचं. आमच्या शाळेत जुने म्हणजे हेडसर आणि मी, एवढेच. बाकी सगळे नवे. "जुन्या बाई, चहा घ्या," असं ते मला चिडवायचे. "घेते," मी म्हणायची, "तुमचा चहा बाजारभाव बघून ठरवा." हसायचे बिचारे. पण मोर्चा असला की तेच डोक्याला टोपी घालून उन्हात बसायचे, आणि मला तेव्हा चहा गोड लागायचा नाही.

आता जिच्यापायी पुढचं सगळं घडलं ती पोरगी सांगते.

शाळेमागं ओढा आहे, ओढ्यापलीकडं मेंढरंवाल्यांची वस्ती. तिथली एक पोरगी नववीत होती. मी फळ्यावर कधीकधी मुद्दाम चूक करते. सगळा वर्ग खाली मान घालून ती चूक वहीत उतरवून घेतो. ही हात वर करायची आणि हळूच म्हणायची, "बाई, तुमचं चिन्ह चुकलं." असं म्हणणारं पोर मिळालं की माझा दिवस चांगला जातो, हे मी कबूल करते.

तिचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठाकडं निघतात आणि पाऊसपाण्याच्या वक्ताला परत येतात. पोरगी सातवीत असताना त्यांनी तिला संगं न्यायचं ठरवलं होतं. तिच्या आईचे गुडघे गेलेले, स्वयंपाकपाण्याला कोणी तरी पाहिजे. मला हे कळलं तशी मी मधल्या सुट्टीत ओढा ओलांडून वस्तीवर गेले. बाभळीखाली एक म्हातारा काठी घेऊन बसला होता, भोवती कोकरं. पोरीचे आजोबा. बोलायला सुरुवात कुठून करावी म्हणून मी तिच्या वडलांना म्हटलं, "आजोबा बसूनच असतात का आता?"

त्यांना राग आल्यासारखं वाटलं. "बसून कामून? कोकरं राखतेत की."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंढरं दिवसभर चालतात, बारकी कोकरं तेवढी चालू शकत नाहीत, ती मागं मुक्कामावर राहतात. ज्या माणसाचे पाय थकले तोही चालू शकत नाही, तोही मागं राहतो. मग त्यानं कोकरं राखायची. त्याचा वाटा बंद होत नाही. "चालनाऱ्याचा वाटा आसतो, राखनाऱ्याचा बी आसतो," ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि माझ्या विषयावर आले. पोरीला दहावी होईस्तोवर माझ्याकडं राहू द्या, आजीजवळ वस्तीवर राहील, शाळेचं मी बघते. त्यांनी एक कोकरू उचलून म्हाताऱ्याजवळ ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही हाय तवर ठेवतो, बाई."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. दीड वर्ष कमी पडत होतं. म्हटलं, पुढचं पुढं बघू, आणि "ठरलं" म्हणून परत आले. आता ते पुढचं पुढं येऊन ठेपलं होतं. सप्टेंबरअखेर मी जाणार, माझ्या जागेवर कोणी येणार की नाही ते कोणालाच ठाऊक नाही, आणि दिवाळीनंतर मेंढरं निघणार.

समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी हे कंपनीतून आले आणि हातपाय धुताधुता म्हणाले, "तुझे पाहुणे आज आमच्या गेटवर होते." शिफ्ट सुटायच्या वक्ताला भाऊंनी तिथं छोटी सभा घेतली होती. शिक्षणाचा सगळा पैसा मास्तरांच्या पगारात आणि पेन्शनीत जातो म्हणे, म्हणून शाळेला खडू मिळत नाही आणि भिंतीला रंग मिळत नाही. तुम्ही घाम गाळता, तुम्हाला कोण पेन्शन देतं?

"मग?"

"मग काय, लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही?"

"मीही वाजवल्या. मला कुठं पेन्शन आहे?"

मी ताट त्यांच्यासमोर जरा आपटलंच. कारण त्याच आठवड्यात आमचे विज्ञानाचे सर शहरात शिक्षकांच्या मेळाव्याला गेले होते, आणि तिथं हेच भाऊ टोपी घालून सगळ्यांना जुनी पेन्शन मिळवून देतो म्हणाले होते. एकच माणूस, एकच प्रश्न, दोन उत्तरं.

"वर्गसमीकरणाला नसतात का दोन उत्तरं?" हे जेवताजेवता म्हणाले. इतकी वर्षं गणिताच्या बाईला गाडीवर मागं बसवल्यावर एवढं येतंच.

"असतात. पण एक उत्तर प्रश्नात बसत नाही. ते टाकून द्यायचं असतं."

"मग बघ कुठलं टाकतात ते," असं म्हणून त्यांनी आमटी मागितली.

समारंभ शनिवारी होता. पटांगणात मांडव घातला होता. पोरींनी रांगोळी काढली, हेडसरांनी आठवीच्या वर्गात बादल्या मुद्दाम तशाच ठेवल्या. गावातले लोक आले, वस्तीवरचेही आले. पोरीचे वडील डोक्याला मुंडासं, खांद्याला घोंगडी, मागच्या बाजूला उकिडवे बसले. मला शाल, नारळ आणि साडी मिळाली. साडीचा रंग माझ्या आवडीचा होता, म्हणजे स्टाफरूममधे कोणी तरी मन लावून भांडलं असणार. मनोगतात दोन पोरी रडल्या आणि त्यांचं बघून मलाही रडू आलं. मी काही ते लपवलं नाही.

भाऊ उशिरा आले, पण आल्याबरोबर माझ्या पाया पडले. माणूस हसतमुख. "मीही जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलोय," म्हणाले. हेडसरांनी त्यांना आधी छत दाखवून आणलं, मग माईक दिला. भाषण खरंच बरं झालं. सरकारी शाळा टिकली तर गरिबाचं पोर टिकेल, शाळांना निधी कमी पडू देणार नाही, छत करू, भिंत करू, संगणक देऊ. मग ते माझ्याकडं वळले.

"बाईंची पेन्शन जुनी आहे. जुनी म्हणजे काय? तर उद्यापासून बाई घरी बसल्या तरी सरकार त्यांना दर महिन्याला पैसे देणार, शेवटपर्यंत. हाच मान प्रत्येक शिक्षकाला मिळाला पाहिजे, हे माझं मत आहे."

आमच्या नव्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मागं पोरीचे वडील उभे होते.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा की मामा."

"बाईचा वाटा चालूच ऱ्हानार म्हनता?"

"चालूच."

"शेवटपत्तोर?"

"अगदी शेवटपर्यंत."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग लई बरं झालं. म्हंजी बाई सोमवारपून कोकरं राखाया येतेत."

सगळा मांडव हसला. त्यांना वाटलं, हा बाबा मेंढरांचं काहीतरी बोलतोय. ते स्वतः मात्र हसत नव्हते, ते माझ्याकडं बघत होते. नववीच्या रांगेत त्यांची लेक बसली होती, तीही माझ्याकडंच बघत होती. मी हेडसरांच्या हातातला माईक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, की हे काय म्हणतायत ते नीट ऐका. यांच्यात पाय थकलेल्या माणसाचा वाटा बंद होत नाही, आणि तो माणूस कोकरं राखतो. बाईंचे पाय थकले, वाटा चालू आहे, तर बाई पोरं राखायला येणार, असं त्यांनी धरलंय.

हसू थांबलं. आणि भाऊ एकदम खुलले. "वा, मामांनी लाखातली गोष्ट सांगितली. हेच धोरण पाहिजे. निवृत्त शिक्षकांनी शाळेत यावं, त्यांना थोडं मानधन देऊ. जागा रिकामी राहण्यापेक्षा काय वाईट? पैसाही वाचला, पोरंही शिकली." हेडसरांनी मान डोलावली. त्यांचं काय, त्यांना दर वर्गाला एक माणूस उभा पाहिजे, मग तो जुना असो का नवा.

म्हणजे दोन उत्तरं होती, त्यातून भाऊंनी तिसरंच काढलं, आणि ते सगळ्यात स्वस्त होतं.

खरं सांगते, 'येते' म्हणणं फार सोपं होतं. 'येते' म्हटलं असतं तर त्या माणसानं लेकीला ठेवलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मलाही घरी बसायची धास्ती होतीच. पण मी 'येते' म्हटलं की माझी जागा कधीच भरली गेली नसती. बाई येतात ना, मग शिक्षक कशाला, असं होताना मी पाहिलेलं आहे. बी.एड. करून घरी बसलेली पोरं किती आहेत गावोगावी, त्यांच्या तोंडचा घास मी मानधनावर खायचा. आणि माझे गुडघे गेले की मग? 'नाही येत' म्हटलं तर ती पोरगी दिवाळीनंतर मेंढरांमागं. ती अजून माझ्याकडं बघत होती. माझं डोकं तापलं होतं, पण राग त्या माणसावर काढून उपयोग नव्हता. तो आपल्या नियमानं बरोबरच बोलत होता.

"दादा," मी त्यांना विचारलं, "तुमचे वडील कोकरं राखतात. मग मेंढरांमागं कोण चालतं?"

"मी. आन माझा भाऊ."

"तुम्ही दोघं नसता, तर वडलांवर सोडला असता सगळा कळप?"

"नाय बा." त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "थकलेलं मानूस. लांडगा आला तर काय करंल? तरना लागतोच की."

"आणि तरणा नाही म्हणून म्हाताऱ्यालाच चालवलं तर?"

"मंग म्हातारा बी जाईल आन मेंढरं बी जातील."

मी भाऊंकडं वळले. "ऐकलंत ना? पाचवीत अशी पोरं आहेत ज्यांना पाढे येत नाहीत. ती माझी कोकरं. दर शनिवारी येऊन राखीन, मला मानधन नको. पण आधी कळपामागं चालायला तरणा पाहिजे, पूर्ण पगारावर. तो कधी देता? उत्तर सांगा, गोष्ट नको."

शेवटच्या वाक्याला सगळी शाळा फुटली. पोरं बाकावर हात आपटायला लागली. भाऊंना कळेना का हसतायत. पण माणूस तयारीचा, सावरून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत देतो, बाई."

पोरीच्या वडलांनी ते ऐकून घेतलं. "आम्ही दिवाळीमागून निघतो," ते म्हणाले. "तवर बघतो. तरना आला तर पोरगी ऱ्हाईल. नाय आला तर संगं येईल." एवढं बोलून ते खाली बसले.

नंतर चहाच्या वेळी मी भाऊंना बाजूला गाठलं. म्हटलं, कंपनीच्या गेटवर वेगळं बोललात आणि इथं वेगळं. मला वाटलं, ते नाकारतील. ते म्हणाले, "बाई, मला दोन्ही खरं वाटतं. पैसा तर एकच. पेन्शनीला जास्त गेला की भिंतीला कमी पडतो. आणि ज्याला पेन्शन नाही त्याच्यासमोर उभं राहून मास्तरला द्या असं कसं म्हणू?"

"आमच्या घरी या," मी म्हटलं. "जुनी पेन्शन आणि बिनपेन्शन एकाच ताटलीत लोणचं घेतात. मास्तरांची काढून घेतली तर ती माझ्या नवऱ्याला मिळणार आहे का?"

"नाही मिळणार," ते म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवला. मला तो माणूस फारसा आवडला नव्हता, पण ते 'नाही' त्यांनी सरळ म्हटलं, एवढं मान्य केलं पाहिजे.

पहिल्या सोमवारी मी सवयीनं आवरून, पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिले. यांनी गाडी सुरू केली, मागं बघितलं आणि बंद केली. मग आम्ही दोघांनी परत एकदा चहा घेतला. यांना कंपनीत उशीर झाला, पण तक्रार केली नाही. दिवस बरे जात होते. मी पहाटे उठून पडेगावच्या रस्त्यानं फिरायला लागले, दुपारी झोपायला लागले, बँकेत पेन्शनचे कागद देऊन आले. मनात मात्र ओढ्यापलीकडची वस्ती होती. विज्ञानाचे सर नववीचं गणित कसंबसं ओढत होते.

तिकडं पोरीच्या वडलांनी भाऊंचा पिच्छा घेतला होता. भाऊ कुठल्याही गावात पारावर बसले की पोरीचे वडील मेंढरं चारत तिथं पोचायचे आणि मागून विचारायचे, "साहेब, तरना कवा?" एवढंच. भाषण नाही, भांडण नाही. हळूहळू बाकीच्यांनी उचललं. पोरं गाडीमागं पळत ओरडायची, "तरना कवा?" भाऊंच्या कार्यकर्त्यांना आधी वाटलं, विरोधकांची घोषणा आहे. हे मला हेडसरांनी फोनवर हसत हसत सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दुपारी झोपले नाही.

आचारसंहिता लागायच्या तोंडावर हेडसरांचा फोन आला. नव्या भरतीतल्या एक मॅडम आमच्या शाळेला दिल्या, हुकूम निघाला. भाऊंनी काढायला लावला का आपोआप निघाला, ते देव जाणे. पण हुकूम निघणं वेगळं आणि फळ्यापाशी माणूस उभा राहणं वेगळं, हे जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्याला सांगावं लागत नाही. मॅडम सुट्टीनंतर रुजू होणार होत्या. त्या दिवाळीत माझ्या चकल्या मऊ पडल्या. हे म्हणाले, "लक्ष नाही तुझं." नव्हतंच.

भाऊ पुढं निवडून आले. कोकरांचं ते सगळं आता त्यांच्या भाषणात असतं, स्वतःचं म्हणून सांगतात, आणि सांगतातही छान. पण ते नंतरचं. मला सांगायचा आहे तो सुट्टीनंतरचा पहिला शनिवार.

शनिवारी सकाळची शाळा असते. मी यांच्या गाडीवर मागं बसून निघाले, आणि स्टेशनपाशीच आमचं भांडण सुरू झालं, इतकं मला बरं वाटत होतं. शाळेच्या रस्त्याला लागलो तर समोर सगळी मेंढरं. कळप निघाला होता. आजोबा घोड्यावर बसलेले, दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून कोकरांची तोंडं बाहेर. आणि शाळेच्या फाटकात ती पोरगी. पाठीला दप्तर होतं आणि पायापाशी कपड्यांचं गाठोडं. दोन्ही तयारीनं आली होती.

"बाई, आलीय म्हनतेत," तिचे वडील म्हणाले. "दावा."

हेडसरांनी नव्या मॅडमना बाहेर बोलावलं. बारीकशी मुलगी, हाताला खडू, साडीवर पायात खेळाचे बूट. फर्दापूरकडची होती, इथं खोली करून राहिली होती. पोरीच्या वडलांनी तिच्या बुटांकडं नीट बघितलं. "चालनारी दिसती," ते मला म्हणाले. मॅडम गोंधळल्या. मी म्हटलं, "चांगलं म्हणतायत, घाबरू नका."

"मॅडम, तुमची जुनी का नवी?" पोरीच्या वडलांनी विचारलं.

"नवीच आहे, काका. परवा तर रुजू झाले."

"तसं नाय. म्हातारपनीचा वाटा."

आता त्यांना कळलं. हसल्या जराशा. "नवी. आम्हाला जुनी नसते."

"म्हंजी पाय थकल्यावर वाटा नाय?"

"कापून घेतात पगारातून. पुढं बाजारात जे होईल ते."

मेंढरं रस्त्याच्या कडेचं गवत ओढत होती, लांब कुठं तरी भाऊंच्या प्रचाराची रिक्षा ओरडत होती. मग ते म्हणाले, "मंग तुम्ही थकल्यावर हितली कोकरं कोन राखंल?"

त्यांनी हे कुणाला टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, हेडसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी जन्मभर पोरांकडून उत्तरं मागितली होती.

"ते अजून ठरलेलं नाही, दादा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. रिक्षाच्या आवाजाकडं त्यांनी हनुवटी केली. "आता त्याला हे इचारतो." मग लेकीकडं वळले. "जा आत."

पोरीनं पायापासचं गाठोडं उचललं, तसंच आजीकडं पोचवायला धाकट्या चुलत्याच्या हातात दिलं आणि पळत वर्गात गेली. मागं वळून बघितलंही नाही. मला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि यावेळी मांडवही नव्हता.

कळप हलला. घोडा माझ्यापाशी आला तेव्हा आजोबांनी लगाम ओढला. आजवर ते मला बाई म्हणून मान खाली घालून नमस्कार करायचे. त्या दिवशी त्यांनी नुसता काठीचा हात वर केला आणि म्हणाले, "रामराम." आपल्याच कामावरच्या माणसाला करतात तसा. मीही "रामराम" म्हटलं, आणि पाचवीच्या वर्गात गेले.